एकशेनववी घागर

मित्रांनो, या अंकाला कविता द्यायचं ठरलं होतं. कविता झाली नाही. दोन महिन्यांपासून एक प्रश्न डोक्यात घण घालतोय, तो कवितेत मावेना. म्हणून हे साधं लिहितोय. चुकलो असेन तर पुढच्या अंकात माझी सालपटं काढा.

मी लातूरला सोयाबीनच्या तेलगिरणीत आहे. शाळा दहावीतच सुटली. रसायनशास्त्र मला पुस्तकानं शिकवलं नाही, ड्रमानं शिकवलं. सोयाबीनमधून उरलंसुरलं तेल काढायला हेक्झेन वापरतात. दिसतं पाण्यासारखं, वास पेट्रोलसारखा, अन् एक ठिणगी पडली की माणसासकट छप्पर उडवतं. रात्रपाळी सुटली की सायकलवर शिकवणीवाल्यांच्या फलकांखालून घरी येतो. सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेला तो लातूर पॅटर्न. फलकावर डॉक्टर होणाऱ्या पोरांचे फोटो, फोटोखाली मार्क. त्या फलकावर रसायनशास्त्र म्हंजे नीट परीक्षेतले ७२० पैकी १८० मार्क. आमच्या गिरणीत रसायनशास्त्र म्हंजे जीव सांभाळणं. या दोन्हींच्या पलीकडं ते आणखी काही असतं, हे मला माझ्या भाचीनं दाखवलं.

भाची म्हंजे आक्काची पोरगी. वय सोळा. गाव नांदेड-लातूर रस्त्याच्या आत, तिथून रोज एस.टी.नं नांदेडला शाळेत जाते, अकरावीला. एका रविवारी मी गावाकडं गेलो तर वही घेऊन समोर बसली.

"मामा, केमिस्ट्रीच्या प्रकल्पाला विषय सांग. सरांनी यादी दिलीय."

यादी पाहिली. साबणाचा फेस. दुधातली भेसळ. फळांतलं आम्ल. चहा. सगळे विषय आंघोळ करून, भांग पाडून बसलेले. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "हे कसले विषय? महाड घे."

"महाड इतिहासात हाय, मामा."

"महाड पाण्यात हाय," मी म्हणालो.

तुम्हाला महाड सांगायला नको. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं, म्हंजे कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन तळ्यावर गेले अन् पाणी प्याले. मग आपल्या लोकांवर लाठ्या पडल्या. इथपर्यंत आपण दरवर्षी भाषणात सांगतो. त्यापुढचं मात्र घाईत उरकतो. तळं बाटलं म्हणून त्याचं शुद्धीकरण झालं. १०८ घागरी पाणी बाहेर काढलं अन् शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या घागरी मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्या. त्याच तळ्यावर मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत, गुरंढोरं पीत. त्यानं तळं बाटत नव्हतं. आपल्या ओंजळीनं बाटलं अन् शेणानं धुतलं गेलं.

मी तिला म्हणालो, हेच बाटलीत कर. एका बाटलीत गावच्या विहिरीचं पाणी. दुसऱ्यात तेच पाणी, त्यात त्या चार वस्तू. तिसऱ्यात तेच पाणी, त्यात टीसीएल पावडर, म्हंजे ग्रामपंचायत टाकीत टाकते ती. तिन्हींची तपासणी कर अन् तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिही: शुद्ध कोण?

पोरीचे डोळे चमकले. पण पोरगी माझ्यापेक्षा पक्की. म्हणाली, "मामा, तळं केवढं, घागरी १०८. बाटलीत तेच प्रमाण येणार न्हाई. बाटलीत घाण जास्त दिसंल. तेही लिहावं लागंल." मी म्हणालो, लिही बाई. मनात म्हणालो, लिहून काय करतीस, दणका कमी होतो. हे माझं पहिलं चुकलं, तेव्हा कळलं नाही.

तपासणी कशी असते ते सांगतो, कारण आपल्यापैकी कोणालाही ती करता येते. काचेच्या छोट्या बाटलीत औषध असतं. तिच्यात पाणी भरून उबेला ठेवायची. पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असले तर ते औषधातल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड वायू बनवतात. तो वायू औषधातल्या लोहाशी मिळतो अन् बाटली काळीठिक्कर पडते. हाच तो वायू, जो गटारात साचतो अन् आत उतरलेल्या आपल्या माणसाचा श्वास बंद करतो. माणसाला गटारात उतरवायला बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. त्यानंतरही माणसं उतरवली गेली अन् मेली. जंतूला जात नाही, वायूला जात नाही. पण तो वायू हुंगायला कोणाला पाठवायचं, त्याला जात आहे.

तर विषय घेऊन ती सरांकडं गेली. सर वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगतो. सरांनी कागद दोनदा वाचला अन् म्हणाले, "बाळ, विषय बदल. पाण्याची कठीणता घे. यानं भावना दुखावतील. शाळेत बोंब होईल. तुला डॉक्टर व्हायचंय ना?" पोरीनं घटना काढली. कलम ५१ क, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं आलेलं. वैज्ञानिक दृष्टी वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य. सर हसले. म्हणाले, "ते नागरिकशास्त्राच्या पेपरात लिही."

मला फोन आला तेव्हा मी गिरणीच्या फाटकावर होतो. रक्त उकळलं. म्हणालो, "थांब तू. उद्या आम्ही दहाजण येतो. मुख्याध्यापकांना निवेदन देतो. बघू कशा दुखतेत यांच्या भावना."

फोनवर थोडा वेळ काहीच नाही. मग ती म्हणाली, "मामा, तुम्ही दहाजण येताल, निवेदन देताल, फोटो काढताल, जाताल. सोमवारी वर्गात मी एकटीच बसणार हाय."

दोस्तहो, मी निरुत्तर झालो. आपण सभेत म्हणतो, प्रश्न विचारा. पण विचारलेल्या प्रश्नाचं बिल कोणाच्या नावावर फाटतं, हे आपण विचारतो का? आपल्या या नांदेड जिल्ह्यानं फार मोठी बिलं भरली आहेत. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला अन् मराठवाडा पेटला. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना जाळून मारलं. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. बाबा-बुवांच्या चमत्कारांमागचं विज्ञान गावोगाव उलगडून दाखवणाऱ्या दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या. प्रश्नाला किंमत असते, हे आपल्याइतकं कोणाला माहीत? अन् तरी मी एका सोळा वर्षांच्या लेकराच्या पाठीवर माझा राग बांधून तिला पुढं ढकलत होतो. मला कुठला पेपर द्यायचा होता? माझे कुठले मार्क जाणार होते?

म्हणून पहिली गोष्ट मी स्वतःशी ठरवली. विषय ज्यानं भोगायचा, त्यानंच निवडायचा. आपण सोबत उभं राहायचं, पण कधी अन् कुठं, ते त्या लेकरानं सांगायचं. पळ काढायला मी हे म्हणत नाही. उद्या त्या पोरीला शाळेनं त्रास दिला अन् तिनं हाक मारली तर दहाच काय, शंभरजण जाऊ. पण हाक तिची पाहिजे. आपल्याला मिरवायला तिचं दप्तर नको.

मी तिला म्हणालो, "सोडून द्यायचं तर सोड. मी काही म्हणणार न्हाई." ती म्हणाली, "सोडते कुठं? विषय मला आवडलाय. आता तो तुझा न्हाई, माझा हाय."

याच आठवड्यात गिरणीत चहाच्या वेळेला एका जोडीदाराला हे सांगितलं. तो आपल्यातला नाही, पण माणूस दिलदार, एका ताटात जेवतो. तो म्हणाला, "अरे, तुझ्या बाटलीतलं शुद्ध वेगळं अन् देवाधर्माचं शुद्ध वेगळं. गंगेत नाल्याचं पाणी येतंय, हे मला दिसत न्हाई का? तरी मी डुबकी मारतोच." आपल्याकडं गोदावरीलाच गंगा म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे.

आधी राग आला, मग विचार करत बसलो. गडी खरं बोलला होता. शब्द एकच, पण दोन मालकांकडं कामाला आहे. दवाखान्याच्या भिंतीवरचं शुद्ध पाणी म्हंजे जंतू नसलेलं. महाडच्या पुरोहितांचं शुद्ध पाणी म्हंजे आपण नसलेलं. बाटली पहिल्याबद्दल बोलेल. दुसऱ्याबद्दल बाटलीला तोंड नाही. काळी पडलेली बाटली दाखवली म्हणून ज्यानं आपल्याला विहिरीवर चढू दिलं नाही तो लाजेल, असं नाही. तो म्हणेल, जंतू चालतील, तुम्ही नको.

अन् याच्याहून मोठा एक खड्डा आहे, ज्यात मी पडायच्या बेतात होतो. समजा प्रयोगानं दाखवलं की आपल्या हातानं पाणी खराब होत नाही. टाळ्या! पण मग आपण पाण्यावर गेलो ते हात स्वच्छ म्हणून गेलो का? उद्या कोणी दाखवलं की नाली उपसून आलेल्या माणसाच्या बोटांवर जंतू आहेत, तर त्याचा पाण्यावरचा हक्क गेला का? त्याला साबण द्यावा लागेल, हातमोजे द्यावे लागतील, नालीतून बाहेर काढावं लागेल. पाणी नाकारता येणार नाही. ज्या क्षणी आपण म्हणालो की प्रयोगशाळेचा दाखला बघा अन् आम्हाला माणूस म्हणा, त्या क्षणी आपण माणूसपण दाखल्यावर टांगलं. दाखला आज बरा येईल, उद्या वाईट येईल. माणूसपण रोज वर-खाली होणार का?

बाबासाहेबांनी महाडला हे आधीच स्पष्ट करून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं तहानेबद्दल नव्हतं, त्या पाण्यात काही विशेष आहे असंही नव्हतं. इतरांसारखी आपणही माणसं आहोत, हे ठरवायला तळ्यावर जायचं होतं. लहानपणी साताऱ्याच्या शाळेत शिपायानं नळ सोडल्याशिवाय ज्यांना पाणी मिळालं नाही, त्यांना हे कळायला प्रयोगशाळा लागली नाही. महाडचा खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला. कोर्टानंही पाणी तपासलं नाही. रिवाज तपासला, अन् तो अनादि काळापासूनचा आहे हे समोरच्यांना सिद्ध करता आलं नाही.

अन् लातूरचं बघा. २०१६ साली मांजरा धरण आटलं. पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटरच्या आसपास. त्या वाघिणी कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेनं धुतलेल्या. कोणाच्या हातांनी धुतल्या, कोणी चावी फिरवली, हे त्या दिवशी कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. घशाला कोरड पडली की सोवळं कोपऱ्यात बसतं. म्हंजे बाटणं पाण्यात कधी नव्हतंच. ते ज्याच्या हातात पाण्याची चावी, त्याच्या मनात होतं.

मग तुम्ही म्हणाल, हक्क प्रयोगानं मिळत नाही, समोरचा प्रयोगानं लाजत नाही, तर प्रयोग करायचाच कशाला? साबणाचा फेस काय वाईट होता?

इथं चौथ्या बाटलीची गोष्ट येते.

पोरीनं मला न विचारता चौथी बाटली भरली होती. तिच्यात आपल्या वस्तीच्या टाकीचं पाणी. चारही बाटल्या आक्कानं चुलीजवळच्या उबेला ठेवू दिल्या. दुसरी, म्हंजे महाडची बाटली, एका रात्रीत काळी झाली. झालीच पाहिजे होती. तिसरी, टीसीएलची, तीन दिवस जशीच्या तशी. त्या बाटलीत पाणी भरण्याआधी पोरीनं पावडर टाकून अर्धा तास थांबून मग हायपोनं उरलेलं क्लोरीन मारलं होतं, नाहीतर क्लोरीननं तपासणीच फसली असती. पहिली, गावच्या विहिरीची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळी पडली.

अन् चौथी, आपली, तिच्याही आधी. दुसऱ्या दिवशी दुपारीच.

मी रविवारी गेलो तेव्हा तक्ता तयार होता. बघितलं अन् पोटात गोळा आला. ज्या विहिरीच्या काठावर माझी आज्जी घागर खाली ठेवून, वरून कोणीतरी ओतील म्हणून तास-तास उभी राहायची, त्या विहिरीचं पाणी आपल्या टाकीपेक्षा बरं. हे शाळेत टांगायचं? उद्या म्हणतील, बघा, घाणेरडे ते घाणेरडेच.

मी म्हणालो, "चौथी बाटली काढून टाक."

"का?"

"विषय महाडचा हाय. तिचं इथं काय काम?"

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी बाटलं म्हणून १०८ घागरी मोजून पाणी काढून टाकलं. तू एक घागर काढ म्हणतोस. आपली हाय म्हणून. मंग मामा, त्यांच्यात अन् आपल्यात काय फरक?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला पोलिसानं मारलंय, मुकादमानं मारलंय. इतकं लागलं नव्हतं.

त्या रात्री झोप आली नाही, अन् पहाटे कुठं मला सगळं एका धाग्यात दिसलं. मी चौथ्या बाटलीला का भ्यालो? कारण माझ्या मनात अजून खोलवर हेच होतं, की बाटली काळी पडली तर आपला हक्क काळा पडतो. हक्क बाटलीवर नाही, हे मी चहाच्या टपरीवर स्वतःला पटवलं होतं, पण घरच्या बाटलीपुढं विसरलो. खरी गोष्ट उलटी आहे. आपला हक्क प्रयोगावर टांगलेला नाही, म्हणूनच आपल्याला प्रयोगाची भीती नाही. चारही बाटल्या जगापुढं मांडायची ताकद आपल्याकडं आहे. ज्याचं मोठेपण शुद्धतेवर उभं आहे, त्याला बाटली लपवावी लागते. आपल्याला कशाला? बुद्धानं कालामांना हेच तर सांगितलं: परंपरा म्हणते म्हणून, ग्रंथ म्हणतो म्हणून, गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका. मामा म्हणतो म्हणून तर मुळीच नको.

म्हणून वादग्रस्त विषय म्हंजे काय, हे मी आता वेगळ्या रीतीनं समजतो. दुसऱ्याला झोंबतो तो विषय वादग्रस्त, असं मला वाटायचं. ते सोपं आहे. झोंबवायला प्रयोग लागत नाही, एक शिवी पुरते. ज्याचं उत्तर आपल्यालाही झोंबू शकतं अन् तरी आपण बाटली उबेला ठेवतो, तो खरा विषय. आधीच उत्तर ठरवून केलेला प्रयोग म्हंजे आपलंच शुद्धीकरण, फक्त मंत्र वेगळे.

तक्त्यावर चौथी बाटली राहिली. खाली पोरीनं कारणंही शोधून लिहिली. वस्तीची पाइपलाइन गावाच्या शेवटी. नळाला पाणी तीन-चार दिवसांआड. पाणी बंद असताना पाइप रिकामा होतो अन् फुटलेल्या जोडातून शेजारच्या नालीचं पाणी आत ओढतो. जलसुरक्षक टीसीएल गावच्या टाकीत टाकतो, आपल्या टाकीपर्यंत येत नाही. हे तिनं लिहिलं, अन् खाली आणखी एक ओळ: टाकीचं झाकण दोन वर्षांपासून तुटलेलं आहे. ही ओळ ग्रामपंचायतीवर नाही, दोस्तहो. ती आपल्यावर आहे. जयंतीला डीजेची वर्गणी आठ दिवसांत जमते. झाकणाला दोन वर्षं कोणी पावती फाडली नाही. मीही नाही.

सरांचं काय झालं? पोरीनं शीर्षक बदललं: "पाणी शुद्ध करण्याच्या पद्धतींची तुलना." मी ओरडलो, तडजोड केलीस! ती म्हणाली, आतलं पान वाच. आतल्या पहिल्याच पानावर महाड होतं, १९२७ होतं, १०८ घागरी होत्या, चार वस्तू होत्या, एक शिवी नव्हती. बाटलीतलं प्रमाण तळ्यापेक्षा जास्त आहे, हेही लिहिलं होतं. सरांनी पुन्हा दोनदा वाचलं. काही बोलले नाहीत. सही केली. ती सही भीतीनं केली की पटून, मला ठाऊक नाही. मार्क अजून लागले नाहीत.

आम्ही दहाजण शाळेत गेलोच नाही. ती चौथी बाटली घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. काळी बाटली ग्रामसेवकाच्या टेबलावर ठेवली अन् विचारलं, गावाला कार्ड कुठल्या रंगाचं मिळालंय, हिरवं का? मग ही कोणत्या गावची? जोड बदलून द्यायचं लेखी घेतलं. झाकण मात्र आम्ही वर्गणीनं आणलं. आता हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल वस्तीची पोरंच मोजून टाकतात, अर्धा तास थांबतात, मग चावी सोडतात. पोरांना शिकवलं भाचीनं.

महाडला त्यांनी १०८ घागरी मोजल्या. एकशेनववी घागर आपल्या घरातली असते, अन् ती कोणी मोजत नाही. तुमच्यापैकी जो कोणी शाळा-कॉलेजात आहे, त्याला विषय निवडायचा असेल तर एवढं करा. आधी किंमत कोण भरणार ते बघा. मग उत्तर आधीच ठरवून तर बसलो नाही ना, ते बघा. अन् पहिली बाटली आपल्या टाकीखाली धरा. मग खुशाल गावच्या विहिरीवर जा, ताठ मानेनं. ती आपलीच आहे, पाणी कसंही असो.

जयभीम.